मुक्कामाची उंची विचारा, औषधं हातातच ठेवा

लडाखहून आल्यापासून भेटेल तो मला समजावतोय, "अहो, डोंगरात एवढं चालायचंच." मला हे मान्य नाही. पँगाँगला हिला जो त्रास झाला तो सहल आखणाऱ्यामुळे झाला, आणि हे होणार हे मी निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं.

आयोजकाचं नाव लिहीत नाही. सहलीआधीच्या बैठकीत मी त्याला सरळ विचारलं, विमानाने लेहला उतरल्यावर दुसऱ्याच रात्री पँगाँगला मुक्काम कसा काय? लेह साधारण ३,५०० मीटरवर आणि पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असं डॉक्टर सांगतात. शिवाय विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याने आधी दोन रात्री तिथेच काढायला हव्यात. उत्तर मिळालं, "काका, आपली माणसं दरवर्षी जाऊन येतात. कापूर हुंगायचा, काही होत नाही." लोक हसले. ग्रुपवर मी पुन्हा लिहिलं, त्याला उत्तरच आलं नाही.

पँगाँगला निघताना त्याच्या मॅनेजरने सगळ्या बॅगा टपावर चढवून ताडपत्री बांधली. औषधांची पिशवी मी हातात ठेवली होती. "गाडीत जागा नाही, हातात फक्त पाण्याची बाटली" असं म्हणून तीही त्याने माझ्याकडून घेतली आणि वर कोंबली.

चांग ला ही खिंड ओलांडून संध्याकाळी पोचलो तेव्हाच हिचं डोकं ठणकत होतं. रात्री उलट्या सुरू झाल्या. तंबूतून बाहेर यायला उठली तर पाऊल सरळ पडेना. मॅनेजर म्हणाला, "सगळ्यांनाच होतं, झोपल्यावर बरं वाटेल." पत्रकात 'गाडीत ऑक्सिजन' असं ठळक छापलं होतं, म्हणून मी सिलिंडर काढायला लावला. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर काटा शून्यावर होता. मास्कचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. त्या क्षणी मला लख्ख कळलं, की आमच्या जिवाचा विचार या माणसांनी कधी केलाच नव्हता.

मॅनेजर म्हणे, सकाळी लेहला नेतो. पण लेहला जायचं म्हणजे आधी चांग ला चढायचा, सव्वापाच हजार मीटरच्या वर! आजारी माणसाला आणखी वर न्यायचं? शेवटी आमचा लडाखी चालकच पुढे झाला. "तांगत्सेला चला, ते खाली आहे, तिथे दवाखाना आहे," म्हणाला आणि रात्रीच गाडी काढली. तिथे ऑक्सिजन मिळाला, औषध मिळालं, पहाटेपर्यंत हिला उतार पडला. त्या चालकाचे उपकार आम्ही विसरणार नाही. मॅनेजरने मात्र सकाळी सगळ्यांदेखत ऐकवलं, "तुमच्यामुळे लोकांचा सूर्योदय गेला." घरी येऊन पैशांबद्दल लिहिलं, तर मला ग्रुपमधूनच काढून टाकलं.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो. पैसे भरण्याआधी प्रत्येक मुक्कामाची उंची लेखी मागा. त्रास झाला तर रात्री खाली कुठे नेणार, तेही विचारा. ऑक्सिजनचा काटा लेहमध्येच, गाडीत बसण्याआधी बघा. कापराने ऑक्सिजन मिळत नाही, नुसता वास येतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. लेहला पहिल्या दिवशी फिरू नका, पडून राहा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डोकं दुखून उलट्या होत असतील तर आणखी वर जायचं नाही. तोल जायला लागला तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

हातातली पिशवी कुणालाही देऊ नका, भांडण झालं तरी चालेल. औषधं, ओआरएस, कानटोपी, हातमोजे, जाड मोज्यांचा जोड, आधारच्या प्रती, रोख पैसे आणि पॉवर बँक, एवढं तिच्यात हवंच. विमानातही पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये लागत नाही, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री फोन पांघरुणात घेऊन झोपा.

कपड्यांत एका जाडजूड कोटापेक्षा थर्मल, लोकरीचा स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट बरं, म्हणजे ऊन चढेल तसं एकेक काढता येतं. जीन्स घरी ठेवा, ओली झाली की वाळत नाही. गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांना व्हॅसलीन लागतंच. खायला राजगिऱ्याचे लाडू आणि आलेपाक न्या, भूक मेली तरी ते घशाखाली उतरतं. बाकी सामान कमी घ्या, पाणी भरपूर प्या, जे प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला सांगतात तेच.

लडाख सुंदर आहे, जरूर जा. पण लेहला दोन रात्री न थांबवता वर नेणारा कुणीही असो, ओळखीचा असो की स्वस्त असो, त्याला पैसे देऊ नका.