मनगटावरचे यंत्र आणि मनावरचा ताण

अलीकडे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ दिसू लागले आहे. "डॉक्टरसाहेब, घड्याळ ताण जास्त दाखवते, एखादी गोळी द्या," असे सांगणारेही भेटतात. म्हणून आज या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ.

शरीरावर यंत्र बांधून हृदयाचे ठोके नोंदवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनवलेले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते व पाठीवर वाहावे लागे. आज त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे, २४ तास ईसीजी नोंदवणारे यंत्र खिशात मावते.

अंतराळवीरांच्या छातीवरही असे संवेदक लावले जात. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँग यांचे ठोके मिनिटाला सुमारे १५० झाले होते. तो आजार नव्हता. कसोटीच्या क्षणी निरोगी शरीराने दिलेला तो प्रतिसाद होता. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत मात्र जेम्स अर्विन यांच्या ठोक्यांची लय बिघडल्याचे पृथ्वीवरील डॉक्टरांना दिसले. अतिश्रम आणि पोटॅशियमची कमतरता ही कारणे मानली गेली आणि पुढच्या मोहिमेच्या आहारात पोटॅशियम वाढवण्यात आले. २०१९ मध्ये कॅनडाने अंतराळ स्थानकावर संवेदक बसवलेला सदराच वापरून पाहिला.

आपले घड्याळ काय करते? ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते व परतणाऱ्या प्रकाशावरून रक्ताची लाट ओळखते. निरोगी माणसाचे ठोके अगदी समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जलद, सोडताना मंद होतात. ताण आला की हा फरक सहसा कमी होतो. काही यंत्रे घामामुळे त्वचेत होणारा बदलही मोजतात. म्हणजे घड्याळ मनातली चिंता मोजत नाही; शरीरावरील खुणांवरून अंदाज बांधते. ताप, पंडुरोग, थायरॉइडचा विकार, जागरण किंवा कडक चहा यांनीही हेच आकडे बदलतात. पट्टा सैल असला तरी चूक होते.

मग या यंत्राचा उपयोग कसा करावा?

१) एका आकड्याने घाबरू नका. सकाळी उठण्यापूर्वीची नाडी दोन आठवडे वहीत लिहा. प्रौढांत ती साधारण ६० ते १०० असते. घड्याळ नसेल तर मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा.

२) विश्रांतीतही नाडी सतत १०० च्या वर असेल, किंवा घड्याळ ठोके अनियमित असल्याचे वारंवार सांगत असेल, तर डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. अनियमित ठोक्यांच्या एका प्रकारात पक्षाघाताचा धोका वाढतो.

३) छातीत दुखणे, दरदरून घाम, धाप किंवा चक्कर असेल, तर घड्याळाकडे पाहत बसू नका. आकडा चांगला आहे म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

४) ताणासाठी मनाने गोळी घेऊ नका. पुरेशी झोप, रोजचे चालणे, संथ श्वसन आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलणे येथून सुरुवात करा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

अंतराळवीरांचे आकडे पाहायला पृथ्वीवर डॉक्टर बसलेले असत. आपल्या आकड्यांनाही जाणकाराची नजर हवी, एवढे ध्यानात ठेवावे.