टेप मारला म्हणजे जोड झाला नाही

दारव्ह्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. ओलिताचे दिवस आले की जळालेल्या सबमर्सिबल येऊ लागतात, आणि आणणारा कंपनीला शिव्या घालतच उतरतो. मी आधी केबलचा जोड मागतो. तो बहुतेकांनी विहिरीवरच कापून फेकलेला असतो.

मोठ्या भावाच्या वावरातली पाच एचपीची मोटार अशीच आली. सुदैवानं जोड शाबूत होता. दुसऱ्या मिस्त्रीनं मारलेला, आणि दाबलेला छान होता : तांब्याची नळी बरोबर मापाची, ओढूनही निसटेना. वर मात्र नुसता काळा टेप. पावसाळ्यात विहीर भरली, जोड बुडाला. टेपच्या पदरांतून पाणी शिरलं, तांबं हिरवं पडत गेलं, आणि एक फेज गेला. चालती मोटार अशा वेळी उरलेल्या दोन फेजांतून जवळपास पावणेदोनपट करंट ओढते. रात्रीची लाइन, ऑटोस्विच लावलेला, स्टार्टरमधला रिले कुणीतरी आधीच डायरेक्ट केलेला. सकाळपर्यंत वाइंडिंगचा कोळसा.

“टेप त मारला होता ना बे!” भाऊ म्हणाला. हे वाक्य मला रोज ऐकू येतं.

टेप चिकटतो तो गोंदावर. यवतमाळच्या मे महिन्यात पेटीतला गोंद पाघळतो आणि टेपचं टोक सुटतं. पाण्याखाली तर त्याच्यावर भरवसाच नको. तिथे आतून गोंदाचा थर असलेली हीट श्रिंक स्लीव्ह लागते. साधी पातळ स्लीव्ह आवळते, पण पाणी अडवत नाही.

कामाला हात लावण्याआधी मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात टाका आणि ऑटोस्विचही बंद करा. लाइन कधी येईल ते आपल्या हातात नसतं. मग दाबण्याआधीच स्लीव्ह तारेवर ओवून ठेवा. ती नंतर आठवली तर नळी कापण्याशिवाय इलाज नाही, आणि ही फजिती भल्याभल्यांची होते. तिन्ही तारांचे जोड शेजारी शेजारी नकोत, पुढेमागे ठेवा. नळी क्रिंपिंगच्या पान्यानंच दाबा. पक्कड किंवा हातोड्यानं ती चपटी होते, आत पोकळी राहते. तारेला आधी कथील लावू नका : दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि जोड ढिला पडतो. खांबाकडून आलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याला नुसती पीळ देऊन जोडू नका, दोन्ही धातूंसाठी बनवलेलं थिंबल घ्या.

स्लीव्ह दोन्ही बाजूंनी तारेच्या इन्सुलेशनवर दोन-तीन सेंटिमीटर यायला हवी. गरम हवा मधून टोकांकडे द्या, म्हणजे आतली हवा कोंडत नाही. दोन्ही टोकांतून गोंदाची कड दिसली की थांबायचं. काडीपेटीनं किंवा लायटरनं हे काम करणाऱ्यांची स्लीव्ह एकीकडे करपते, दुसरीकडे सैल राहते. तिन्ही तारांवर मिळून वरून एक मोठी स्लीव्ह चढवा.

जोड गार झाला की रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवा, केबलची टोकं मात्र बाहेर कोरडी. सकाळी मोटार जोडण्याआधी प्रत्येक तार आणि पाणी यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर लावा. चांगल्या नव्या जोडाचा काटा एक मेगओहमच्या कितीतरी वर जातो. एकच्या आसपास घुटमळला तर जोड कापा आणि नव्यानं करा. मेगर नसेल तर केबल दुकानात घेऊन या. पाच मिनिटांचं काम आहे, चहा आमच्याकडून.