'वेचणे' आणि 'वेचणी'

'पेरणे' हे क्रियापद. पण मृगात सारे 'पेरणी'ची वाट पाहतात, ते नाम. कोळपणे-कोळपणी, मळणे-मळणी तसेच. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या जात्यावरचे 'दळण'सुद्धा 'दळणे'पासूनच. यांना धातुसाधित नामे म्हणतात.

गंमत पाहा. माय म्हणते, "कापूस वेचणं लई अवघड हाय." इथे 'वेचणं' नाम झाले, तरी 'कापूस' जसाच्या तसा राहिला. पण संध्याकाळी काटा झाल्यावर ती विचारते, "कापसाच्या वेचणीचे किती झाले?" आता 'च्या' लागला! मजुरी किलोवर असते, म्हणून हा शब्द आमच्या घरी फार लागतो.

जपानी भाषेत 'योमु' म्हणजे वाचतो. त्याचे नाम करायला पुढे 'कोतो', म्हणजे गोष्ट, हा शब्द जोडतात. मला आपली रीत सोपी वाटते.

पालकांनो, शेतातले असे आणखी शब्द सांगा. खाली जागा सोडली आहे.