ओव्हनमधलं भरीत पाणी का सोडतं?

प्रश्न : चंपाषष्ठीला घरी वीस माणसं जेवायला आहेत. फ्लॅटमध्ये तुराट्यांचा जाळ करता येत नाही. ओव्हनमध्ये वांगी भाजली तर भरीत पाणचट होतं. काय करू?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, दोष ओव्हनचा नाही. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उघड्या जाळावर त्यातलं बरंच उडून जातं, बंद ओव्हनमध्ये मागे राहतं. ते आपण काढून टाकायचं.

तीन किलो भरताची वांगी घ्या, आकाराच्या मानाने हलकी. जड वांग्यात बिया जास्त. तेलाचा हात लावून काट्याने टोचे मारा. हे विसरू नका, नाहीतर वांगं आत फुटतं. २२० अंशांवर पाऊण तास भाजा, मधे एकदा उलटा. मग प्रत्येक वांगं गॅसच्या आचेवर दोन मिनिटं फिरवा. धुराचा वास तिथेच येतो. सोलून गर पंधरा मिनिटं चाळणीत निथळू द्या.

भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घाला. शेंगदाणे तळून वरून. मीठ आणि कांद्याची पात मात्र ताटं वाढतानाच मिसळा, कारण मिठाने पुन्हा पाणी सुटतं. नैवेद्याचं आधी वेगळं काढा. सोबत रोडगे असतील तर तेही याच ओव्हनमध्ये छान भाजले जातात, निर्धास्त करा.