बंद करताच पुन्हा सुरू होणारा संगणक

विजेचा दिवा विझवणे आणि संगणक बंद करणे या क्रिया वरवर सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात त्यांत मोठा फरक आहे. दिव्याचे बटण दाबले की विद्युत्प्रवाह खंडित होतो आणि काम संपते. संगणकाला मात्र बंद होण्याची आज्ञा द्यावी लागते आणि ती पाळण्यासाठी त्याला अनेक कामे क्रमाने उरकावी लागतात. या क्रमात कोठे अडथळा आला, तर तो बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होऊ शकतो. असे वारंवार घडू लागले की वापरणारा कंटाळून भिंतीवरचे बटणच बंद करतो. त्या क्षणी साठवणीच्या तबकडीवर लेखन चालू असेल, तर फाइल अर्धवट राहते आणि मूळ दोषात नव्या दोषाची भर पडते.

बंद होण्याची क्रिया

पूर्वीच्या वैयक्तिक संगणकांत बटण दाबताच मुख्य वीजप्रवाह तुटत असे. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना पुढे आणली आणि ही पद्धत बदलली. या रचनेत वीजपुरवठा सुरू वा बंद करण्याचा अधिकार मदरबोर्डकडे आला. संगणक बंद दिसत असतानाही पाच व्होल्टचा एक लहान पुरवठा चालूच राहतो. त्याच्या बळावर मदरबोर्ड पुढील सूचनेची वाट पाहत असतो.

बंद करण्याची आज्ञा मिळाली की ऑपरेटिंग सिस्टिम प्रथम चालू आज्ञावली मिटवते. नंतर स्मृतीत राहिलेली माहिती तबकडीवर उतरवते आणि जोडलेल्या उपकरणांच्या ड्रायव्हरांना थांबण्यास सांगते. सर्वांत शेवटी ती मदरबोर्डला मुख्य पुरवठा तोडण्याची सूचना देते. या अखेरच्या सूचनेसंबंधीचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय या नावाने निश्चित केले.

दोषाचे दोन प्रकार

यावरून दोष दोन ठिकाणी संभवतो. एक तर बंद होण्याची क्रिया पुरी होण्यापूर्वीच सिस्टिम कोसळते, किंवा संगणक खरोखर बंद होतो आणि लगेच कोणीतरी त्याला जागे करते. हे ओळखण्याचा पहिला उपाय सोपा आहे. पडदा काळा झाल्यावर पंख्याकडे लक्ष द्यावे. पंखा न थांबताच यंत्र पुन्हा सुरू झाले, तर बहुधा पहिला प्रकार असतो. पंखा थांबला, दिवे विझले आणि काही क्षणांनी यंत्र पुन्हा चालू झाले, तर दुसऱ्याचा संशय घ्यावा.

पहिल्या प्रकारात दोष लपून राहण्याचे कारण विंडोजच्या एका सोयीत आहे. सिस्टिम कोसळली की ती आपोआप पुन्हा सुरू व्हावी, अशी योजना तीत असते. त्यामुळे चुकीची सूचना वाचण्याआधीच पडद्यावरून निघून जाते. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या चौकटीतील 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' या पर्यायावरील खूण काढावी. मग पडद्यावर चुकीचा संकेतांक, व कधी दोषी ड्रायव्हरचे नावही, स्थिर दिसते. ते लिहून घ्यावे आणि तो ड्रायव्हर बदलावा किंवा अद्ययावत करावा.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे बंद करताना सिस्टिमचा गाभा तबकडीवर जतन केला जातो. यंत्र पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. शिफ्ट ही कळ दाबून ठेवून 'शट डाउन' निवडल्यास त्या वेळेपुरते ते पूर्ण बंद होते. असे केल्यावर दोष दिसेनासा झाला, तर ही सोय काढून टाकून पाहावे.

दुसऱ्या प्रकारात संगणकाला जागे करणारा शोधावा लागतो. नेटवर्कची तार, कळफलक, माउस, ठरावीक वेळी यंत्र सुरू करणारी बायोसमधील योजना, अथवा पेटीवरचे अडकून बसलेले बटण यांपैकी कोणीही हे करू शकते. प्रथम नेटवर्कची तार काढून परीक्षा करावी, नंतर इतर जोडण्या एकेक करून काढाव्यात. तार काढल्यावर यंत्र शांत राहिले, तर बायोसमध्ये व नेटवर्क कार्डाच्या व्यवस्थेत जागे करण्याची सोय बंद करावी.

पद्धत हेच साधन

या साऱ्यात एक नियम कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम वहीत नोंदवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष नाहीसा झाला, तरी कारण अज्ञातच राहते. पुढच्या खेपेस शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. सहज सुचणारा उपाय म्हणून वीजपुरवठ्याचा डबा उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यातील संधारित्रांत घातक विद्युत्भार राहू शकतो. यंत्र अडकूनच बसले, तर भिंतीवरचे बटण बंद करण्यापूर्वी तबकडीचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबावे आणि मग पेटीवरचे बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरावे. हा अखेरचा उपाय आहे, रोजची रीत नव्हे.