७७७ देऊनही स्क्रिप्ट का चालत नाही?

प्रश्न : शाळेच्या वेबसाइटसाठी प्रवेश-चौकशीचा फॉर्म केला. त्याची पर्ल स्क्रिप्ट माझ्या विंडोज लॅपटॉपवर नीट चालते. शेअर्ड होस्टिंगवर चढवली की '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' येते. परवानगी ७७७ दिली, तरी तेच. काय करू?

उत्तर : ती ७७७ आधी काढा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती नांदतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी अपाची सर्व्हर 'सुएक्झेक'मार्फत तुमची स्क्रिप्ट तुमच्याच खात्याच्या नावाने चालवतो. स्क्रिप्ट किंवा तिचे फोल्डर इतरांना बदलता येत असेल, तर सुएक्झेक ती चालवायलाच नकार देतो. दोन्हींना ७५५ द्या.

तरीही एरर राहिली, तर माझा संशय विंडोजवर. तिथे लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारे अक्षर असते. पहिल्या ओळीत पर्लचा पत्ता असतो. ते अक्षर त्याला चिकटते आणि लिनक्सला त्या नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही. एडिटरमध्ये ओळींचा 'युनिक्स' पर्याय निवडून फाइल सेव्ह करा, पुन्हा चढवा. पर्लचा पत्ता सर्व्हरवरचाच आहे ना, तेही बघा.

अंदाज बांधत बसू नका. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधला एरर लॉग उघडा. खरे कारण बहुधा तिथेच लिहिलेले असते.

आणि एक कळकळीची विनंती : पालकांचे फोन नंबर साठवणारी फाइल 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डरच्या बाहेर ठेवा. आत असलेली फाइल पत्ता कळलेल्या कुणालाही ब्राउझरमधून उघडता येऊ शकते.