नळ्या नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. ‘शेवटी मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका,’ असं ते वारंवार सांगतात. पण तसं केलं तर आमच्यावर गुन्हा दाखल होईल, असं लोक म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : घाबरू नका. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं गुन्हाच आहे. बरं होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपचार थांबवणं वेगळं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हा फरक मान्य केला. पुढे न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली.

वडिलांचं भान शाबूत आहे तोवरच इच्छापत्र करा. दोन साक्षीदार हवेत, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही हवी आणि वडिलांच्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसाचं नाव हवं. प्रत घरच्या डॉक्टरांना द्या. पुढे मत बदललं, तर इच्छापत्र लेखी रद्द करता येतं.

ऐनवेळी मात्र परस्पर काही करू नका. रुग्णालयाचं डॉक्टरांचं मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो, अशा दोन्ही मंडळांचा होकार लागतो. मंडळं सहमत असतील तर कोर्टाची परवानगी लागत नाही. दंडाधिकाऱ्यांना रुग्णालय कळवतं. आणि वेदना कमी करणारे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात, हे वडिलांनाही सांगा.